डोंगर नसलेल्या गावात माउंटन बाइकचा कोच

पंडरी म्हटलं की रायपूरकरांना कापडबाजार आठवतो, डोंगर नाही. इथून कुठल्याही दिशेला सायकल काढा, धानाचा सपाट मुलूखच लागतो. मग इथल्या मुलांना माउंटन बाइकची शर्यत कोण शिकवणार? आणि इथे राहून तसा कोच होता येईल का?

आधी शर्यत समजून घेऊ. ऑलिंपिकमध्ये 1996 साली, अटलांटाला, जी आली ती क्रॉस-कंट्री. साधारण चार-पाच किलोमीटरची वळणावळणाची फेरी, त्यात चढ, उतार, दगड, झाडांची मुळं. सगळे एकदम सुटतात आणि सव्वा-दीड तास त्याच फेऱ्या मारत राहतात. (डाउनहिल वेगळी. तिथे एकेक जण घड्याळाशी झुंजत फक्त उतरतो.)

क्रॉस-कंट्रीत एक नियम आहे, तो नवख्यांना फार छळतो. पहिल्या स्पर्धकाला पहिल्या फेरीला जेवढा वेळ लागला, त्याच्या 80 टक्के वेळाने तुम्ही मागे पडलात की तुम्हाला शर्यतीतून बाहेर काढतात. हिशोब करून पाहा. त्याची फेरी 15 मिनिटांची, म्हणजे तुमची मर्यादा 12 मिनिटं. दर फेरीला तुम्ही अडीच मिनिटं गमावलीत, तर पाचव्या फेरीअखेर साडेबारा मिनिटं मागे. संपलं. सायकल रेल्वेत चढवून दोन दिवसांचा प्रवास केलेला मुलगा शेवटची रेषा न पाहताच परत येतो.

ही अडीच मिनिटं जातात कुठे? घरचे म्हणतात, दम कमी पडला. थोडंफार खरं आहे. पण बराच वेळ उतारावर जातो. मुलगा घाबरतो, ब्रेक आवळून धरतो, शेवटी उतरून सायकल हातात घेऊन चालतो. दम वाढवायला वर्षं लागतात. उतार त्या मानाने लवकर शिकवता येतो. म्हणून माझ्या मते नुसते किलोमीटर मोजणारा कोच अर्धंच काम करतो.

उतार शिकवायला डोंगर लागतोच असं नाही. मुरमाचा पुरुषभर ढीग पुरतो. पॅडल दोन्ही एका पातळीत, सीटवरून उठलेलं, गुडघे-कोपर सैल, एकेक बोट ब्रेकवर. नजर पुढच्या चाकावर नाही, जिथे जायचं तिथे. पुढच्या ब्रेकला मुलं घाबरतात, पण सायकल खरी थांबवतो तोच; फक्त तो झटक्याने न दाबता हळूहळू दाबायचा, आणि वळणाच्या आत नव्हे, वळणाआधी. शेताच्या बांधावरून सायकल चालवायला लावा, नजर कुठे ठेवायची ते आपोआप कळतं. हेल्मेटशिवाय यातलं काहीही नाही, आणि प्रथमोपचार कोचला आलेच पाहिजेत.

चढासाठी उड्डाणपूल आहे. पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत. एक-दोन मिनिटं जीव तोडून वर, सावकाश खाली, पुन्हा वर. शर्यतीची सुरुवात अशीच असते: वाट अरुंद होण्याआधी जो पुढे घुसला तो सुटला, मागचे रांगेत अडकतात. नवख्याला सुरुवातीला मागच्या ओळीतच उभं करतात, म्हणून त्याला हा सराव जास्तच हवा.

तरीही वर्षातून काही आठवडे खऱ्या डोंगरात न्यावंच लागतं. राष्ट्रीय स्पर्धा गाजवणारी प्रणिता सोमण संगमनेरची, तिच्या जवळ सह्याद्री आहे. आपल्याला मैनपाटसारखी जागा गाठावी लागते. त्या खर्चाची तजवीज कोचने पालकांशी आधीच बोलून ठेवावी. ऐनवेळी सांगितलं की मूल घरीच राहतं.

आता कागद. आपल्याकडे पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था प्रशिक्षकांचा डिप्लोमा देते, लोक त्याला 'एनआयएस' म्हणतात. नोकरीच्या जाहिरातीत बहुधा तोच विचारतात. जागतिक सायकलिंग संघटनेचं केंद्र स्वित्झर्लंडमधल्या एग्ल गावी आहे, तिथेही कोचचे अभ्यासक्रम चालतात. प्रवेशाच्या अटी बदलतात, त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा. स्वतः कुठल्या पातळीपर्यंत खेळलात हे तिथे विचारतात, तेव्हा आपली स्पर्धांची प्रमाणपत्रं आजपासूनच एका फाइलमध्ये लावून ठेवा.