रात्रीच्या रक्तातील जंत

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा यांसारख्या जिल्ह्यांत आरोग्य कर्मचारी कधी कधी रात्री दार ठोठावतात आणि बोटातून रक्ताचा थेंब मागतात. दुकान मिटवून निजण्याच्या तयारीत असलेल्या कुटुंबाला ही अवेळची पीडाच वाटते. परंतु दिवसा येऊन उपयोग नसतो. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत दिवसभर फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, साधारणतः दहा ते दोन या वेळेत, त्वचेलगतच्या रक्तात उतरतात. क्युलेक्स डासाची चावण्याची वेळही हीच.

या रोगाशी डासाचा संबंध प्रथम ओळखला तो पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरने, चीनच्या अमॉय बंदरात, १८७७ च्या सुमारास. आपल्या माळ्याच्या रक्तात जंत आहेत हे ठाऊक असल्याने त्याने त्या माळ्याला चावलेले डास जमवले आणि रोज काही डास चिरून पाहिले. जंत डासाच्या जठरातून छातीच्या स्नायूंत शिरून वाढत होते. इतके अचूक पाहणाऱ्या मॅन्सनची पुढे मात्र चूक झाली. डास पाण्यावर मरतो व ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असे त्याने मानले. ही समजूत सुटण्यास वीसहून अधिक वर्षे गेली; १९०० साली जंत डासाच्या सोंडेतच सापडले.

डास येथे केवळ वाहक नव्हे. त्याच्या शरीरात दहा-चौदा दिवस काढल्यावाचून जंत दुसऱ्या माणसाला बाधतच नाही. पुढे माणसाच्या लसिकावाहिन्यांत तो वर्षानुवर्षे जगतो आणि रक्तात पिल्ले सोडत राहतो. या काळात पाय सुजलेला नसतो, तापही नसतो. खरी अडचण हीच. धडधाकट दिसणाऱ्या माणसाला गोळ्या का गिळाव्यात हे पटत नाही. मोहिमेत मिळालेल्या गोळ्या ‘नंतर घेऊ’ म्हणून फडताळात पडून राहतात. कोणाला गोळीनंतर ताप किंवा डोकेदुखी झाली की गल्लीभर अफवा उठते. वस्तुतः रक्तातील जंत मरू लागल्याची ती बहुधा खूण असते आणि हा त्रास एक-दोन दिवसांत शमतो.

गोळ्या उपाशीपोटी घ्यावयाच्या नसतात. चातुर्मासात घरात उपवास असेल तर कर्मचाऱ्याला तसे स्पष्ट सांगून पारण्यानंतरच्या दिवशी त्यांच्यासमोर घ्याव्यात. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती व गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत. सुजलेला पाय मात्र गोळीने पूर्ववत होत नाही. तो रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा करून, उंचावर ठेवावा लागतो.

क्युलेक्स घाण पाण्यात, तुंबलेल्या गटारात आणि शौचालयाच्या टाकीत अंडी घालतो. टाकीच्या वायुनलिकेच्या तोंडाला बारीक जाळी बांधली की त्याचा मार्गच बंद होतो. ज्यांना डास मारणे मनाला रुचत नाही, त्यांनाही हा उपाय मोकळेपणाने करता येईल.

गोदामात झोपणारे हमाल आणि रखवालदार घरोघरच्या यादीतून सहज सुटतात. त्यांच्या रक्तातील जंत आणि मालकाच्या घरातील डास यांच्यामध्ये बहुधा एकाच भिंतीचे अंतर असते. त्यांची नावे कर्मचाऱ्यास पेढीवरूनच सांगितली पाहिजेत, आणि त्या दिवशी त्यांचे जेवण वेळेवर झाले आहे ना, हेही पेढीवरूनच पाहिले पाहिजे.