लोकशाही व्हाउचर (सिॲटल)

लोकशाही व्हाउचर ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सिॲटल शहराची निवडणूक अर्थसाहाय्य योजना आहे. या योजनेत सार्वजनिक निधी थेट पक्षाला किंवा उमेदवाराला न देता शहरातील रहिवाशांच्या हाती व्हाउचरच्या रूपाने दिला जातो आणि तो कोणत्या उमेदवारास द्यायचा, हे रहिवासी ठरवतात. व्हाउचरचा पहिला वापर २०१७ च्या शहर निवडणुकीत झाला.

पार्श्वभूमी

निवडणूक लढवण्यास पैसा लागतो आणि मोठ्या देणग्या देणारे लोक संख्येने थोडे असतात. त्यामुळे उमेदवाराचा बराच वेळ याच थोड्या लोकांकडे जाण्यात खर्च होतो व निवडून आल्यावर त्यांच्या शब्दाला अधिक वजन मिळते, असा आक्षेप अमेरिकेत दीर्घकाळ घेतला जात आहे. यावर उपाय म्हणून प्रत्येक मतदाराला केवळ निवडणुकीसाठी खर्च करता येईल अशी रक्कम द्यावी, ही कल्पना ब्रूस ॲकरमन व इयन एअर्स या कायद्याच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडली होती. सिॲटलमध्ये नागरिकांनी सह्या गोळा करून मांडलेला ‘इनिशिएटिव्ह १२२’ हा प्रस्ताव नोव्हेंबर २०१५ मध्ये मतदारांनी मंजूर केला. त्यानुसार मालमत्ता करातून १० वर्षे दरवर्षी ३० लाख डॉलर उभारण्याची तरतूद झाली.

कार्यपद्धती

निवडणुकीच्या वर्षी नोंदणीकृत मतदारांना प्रत्येकी २५ डॉलरची चार व्हाउचर टपालाने पाठवली जातात. मतदार म्हणून नोंद नसलेले पात्र प्रौढ रहिवासी अर्ज करून ती मिळवू शकतात. यात कायम वास्तव्याचा कायदेशीर परवाना असलेल्या परदेशी रहिवाशांचाही समावेश होतो. त्यांना मतदानाचा हक्क नसला, तरी व्हाउचर देता येते. चारही व्हाउचर एकाच उमेदवाराला देता येतात किंवा अनेकांत वाटता येतात. व्हाउचरचे रोख पैसे मिळत नाहीत व ते विकता येत नाही. कोणी कोणास व्हाउचर दिले, ही माहिती सार्वजनिक असते.

उमेदवारांसाठी योजना ऐच्छिक आहे. सहभागी होण्यासाठी आधी लोकाधार सिद्ध करावा लागतो. नगर परिषदेच्या प्रभागातील उमेदवाराने किमान १५० व महापौरपदाच्या उमेदवाराने किमान ६०० रहिवाशांच्या सह्या आणि प्रत्येकी किमान १० डॉलरची देणगी मिळवणे आवश्यक असते. शिवाय खासगी देणग्यांची कमी मर्यादा, एकूण खर्चाची मर्यादा आणि सार्वजनिक वादचर्चांतील सहभाग या अटी पाळाव्या लागतात. अंमलबजावणी शहराचा नीतिमत्ता व निवडणूक आयोग करतो.

न्यायालयीन आव्हान

आपल्या करातून न पटणाऱ्या उमेदवारांचा प्रचार होतो व हे सक्तीने करवून घेतलेले भाषण आहे, असा दावा दोन मालमत्ताधारकांनी केला. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये तो एकमताने फेटाळला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे प्रकरण सुनावणीस घेण्यास नकार दिला.

परिणाम आणि मर्यादा

योजनेमुळे देणगीदारांची संख्या वाढली आणि पूर्वी कधीही देणगी न दिलेले रहिवासी या प्रक्रियेत आले. मात्र २०१७ ते २०२३ या काळातील चारही निवडणुकांत व्हाउचर वापरणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमीच राहिले.

दुसरी मर्यादा बाहेरील पैशाची आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानुसार कंपन्या व संघटना उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर कितीही खर्च करू शकतात. २०१९ च्या नगर परिषद निवडणुकीत ॲमेझॉन कंपनीने स्थानिक वाणिज्य मंडळाच्या राजकीय समितीस सुमारे १५ लाख डॉलर दिले. या समितीने पाठिंबा दिलेले बहुतेक उमेदवार पराभूत झाले. तथापि बाहेरील खर्च वाढला, की योजनेतील उमेदवारांची खर्चमर्यादा आयोगाला शिथिल करावी लागते. त्यामुळे खर्च आटोक्यात ठेवण्याचा हेतू अंशतःच साधतो.

कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या मतदारांनी २०२२ मध्ये अशीच योजना मंजूर केली. तेथे निधीच्या अभावी अंमलबजावणी लांबली. सिॲटलच्या मतदारांनी ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेसाठीचा कर पुढील १० वर्षांसाठी मंजूर केला.

भारताशी तुलना

भारतात अशी योजना नाही. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये मान्यताप्राप्त पक्षांना रोख रकमेऐवजी वस्तुरूप मदत देण्याची शिफारस केली होती. मान्यताप्राप्त पक्षांना निवडणूक काळात दूरदर्शन व आकाशवाणीवर विनामूल्य वेळ मिळतो. या दोन्हींत साहाय्याची वाटणी ठरलेल्या निकषांनुसार होते, तर सिॲटलच्या योजनेत ती रहिवाशांच्या निवडीवर अवलंबून असते.