डेटा उघडण्याआधी बजेट उघडा

पीएचडीच्या सुरुवातीला मला एक साधा प्रश्न पडला होता. टेक्सासमध्ये हरणांची कितीतरी वर्षांची नियमित आकडेवारी मिळते, मग बेडकांची आणि सरड्यांची तशी का मिळत नाही? उत्तर सापडलं ते तिथल्या वन्यजीव खात्याच्या जमाखर्चात.

टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे राज्याचं एकच खातं उद्यानंही सांभाळतं आणि वन्यजीवही. पण दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात.

आधी उद्यानं बघू. प्रवेश शुल्क असतंच. शिवाय 1993 पासून खेळाच्या सामानावरच्या विक्रीकराचा अंदाजे वाटा त्यांच्यासाठी धरला जातो. हा वेगळा कर नाही, नेहमीच्या विक्रीकराचाच हिस्सा. पण विधिमंडळ बरीच वर्षं तो पूर्ण देत नव्हतं. 2019 मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली, तेव्हा कुठे तो पक्का झाला. त्यातले 93 टक्के या खात्याला आणि 7 टक्के ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या आयोगाला जातात.

आता वन्यजीव. इथे मुख्य आधार शिकार आणि मासेमारीच्या परवाना फीचा. त्याला जोड केंद्राच्या 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याची. रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के, पिस्तुलांवर 10 टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांना वाटला जातो. वन्यजीवांसाठीचा मुख्य निधी वाटताना निम्मा भाग राज्याच्या क्षेत्रफळावर ठरतो, निम्मा परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर. राज्याला साधारणपणे खर्चाचा चौथा हिस्सा स्वतः घालावा लागतो. आणि परवाना फी दुसऱ्या कामाकडे वळवायची नाही, ही अट आहे.

गोची पुढे आहे. या कायद्यात ‘वन्यजीव’ म्हणजे फक्त पक्षी आणि सस्तन प्राणी. मासे 1950 च्या वेगळ्या कायद्यात आले. बेडूक, सरडे दोन्हींच्या बाहेर! 2000 पासून त्यांच्यासाठीही केंद्रीय अनुदान आहे, पण ते किती मिळणार हे दरवर्षी संसद ठरवते. ही उणीव भरून काढणारं विधेयक 2022 मध्ये प्रतिनिधी सभेत मंजूर झालं, सिनेटमध्ये मात्र अडकलं.

म्हणजे बघा, शिकारी कमी झाले तर परवान्याचं उत्पन्न घटतं, आणि ज्यांची कोणी शिकारच करत नाही त्यांच्यासाठी तर मुळातच हक्काचा नळ नाही.

संशोधनाची तयारी करताना हे लक्षात ठेवा. एखाद्या प्रजातीची नोंद कमी दिसली म्हणजे ती प्रजाती कमी आहे, असं लगेच लिहू नका. कदाचित ती मोजायला कोणी पैसेच दिले नसतील. प्रपोजल लिहिण्याआधी तीन गोष्टी शोधा: गणतीचा खर्च कोणी केला, कोणत्या अटीवर केला आणि तो पैसा कोणत्या वर्षी सुरू झाला किंवा थांबला. आलेखातली अचानक चढ-उतार दिसली की मी आता आधी हीच वर्षं तपासते.