हिशेबाची फाइल सगळ्यांच्या यंत्रांवर उघडेल का?

हाउसिंग सोसायटीचा किंवा बचत गटाचा हिशेब हल्ली एकाच माणसाकडे नसतो. खजिनदारांकडे घरचा कॉम्प्युटर, सचिवांकडे अँड्रॉइड फोन, ऑडिटरकडे लॅपटॉप. मग प्रश्न येतो, स्प्रेडशीटसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं? माझं म्हणणं असं की आधी फाइलचा प्रकार ठरवा, सॉफ्टवेअर नंतर.

का, ते बघा. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी गळून पडल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात. म्हणजे प्रोग्रॅम चालू होता, फाइलचा प्रकार तोकडा होता.

आता पर्याय. पहिला, एक्सेल. विंडोज, मॅक, फोन, ब्राउझर, सगळीकडे चालतं. पण कॉम्प्युटरवर लिहिलेले व्हीबीए मॅक्रो फोनवर चालत नाहीत. मॅक्रोवर हिशेब बेतलेला असेल, तर सचिवांना फोनवर त्याचा उपयोग नाही.

दुसरा, गूगल शीट्स. फाइल एकच, ती सगळे मिळून वापरतात. कुणी काय बदललं त्याचा इतिहास राहतो. एका फाइलला एक कोटी घरांची मर्यादा आहे, सोसायटीला ती पुरून उरेल. मात्र नेट नसताना काम करायचं तर ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवावी लागते. आणि लिंक कुणाला दिली, याकडे लक्ष हवं. लोकांची थकबाकी त्यात असते!

तिसरा, लिब्रेऑफिस कॅल्क. विंडोज, मॅक, लिनक्सवर मोफत. फोनसाठी त्याच पायावरचं कोलॅबोरा ऑफिस आहे. त्याची मूळ फाइल ओडीएस, ती खुल्या मानकावर आधारलेली आहे.

तुम्ही म्हणाल, सीएसव्ही सगळीकडे उघडते, तीच वापरू. उघडते खरी, पण तिच्यात फक्त मजकूर आणि आकडे राहतात. सूत्रं जातात, एकच पान उरतं. पाठवायला ठीक, रोजच्या हिशेबाला नाही.

दोन गोष्टी फार छळतात. एक, तारीख. ३/४ लिहिलं तर भारतीय मांडणीत ३ एप्रिल, अमेरिकन मांडणीत ४ मार्च. दुसरी, मराठी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली सभासदांची नावं फोनवर गिचमिड दिसतात. म्हणून नावं युनिकोडमध्येच ठेवा.

निवड करण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. खऱ्या फाइलची एक प्रत काढा. ती प्रत्येकाच्या यंत्रावर उघडा, एक आकडा बदला, सेव्ह करा आणि पुन्हा पहिल्या यंत्रावर आणा. एकूण बेरीज, तारखा, नावं आणि ओळींची संख्या ताडून बघा. चारही जुळलं, तर ते सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं. नाही जुळलं, तर ते कितीही नावाजलेलं असो, तुमच्या गटासाठी नाही. हिशेब चार लोकांच्या पैशांचा आहे, आणि तो चौघांनाही सारखाच दिसला पाहिजे.