लाजाळू रोबो!

रोबो म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हॉलिवूडच्या पडद्यावरचा हाणामारी करणारा लोखंडी हीरो? मग तुम्ही सेन्स्टरला भेटायलाच हवं. रोबोटिक आर्टवर माहिती काढताना मला त्याचा व्हिडिओ सापडला आणि मी चक्क प्रेमात पडले!

सेन्स्टर म्हणजे सुमारे १५ फूट लांबीचं, स्टीलच्या नळ्यांचं, जिराफासारख्या मानेचं शिल्प. १९७० मध्ये फिलिप्स कंपनीने ते नेदरलँड्सच्या आइंडहोवन शहरात, उडत्या तबकडीसारख्या दिसणाऱ्या आपल्या एव्होलुऑन म्युझियममध्ये उभं केलं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या जगातल्या पहिल्या काही शिल्पांपैकी हे एक. डोक्यावर चार मायक्रोफोन आणि हालचाल टिपणारी दोन रडार. बास, एवढाच लवाजमा!

फंडा एकदम सिंपल. हळू आवाजात बोललात, की तो मान वळवून तुमच्याजवळ यायचा. ओरडलात किंवा जोरात हातवारे केलेत, की अंग चोरून मागे सरायचा. हा सगळा स्वभाव ज्या मेमरीत बसवला होता, तिच्यात आज तुमच्या मोबाइलमधला एक फोटोही मावणार नाही. तरी लोकांना तो जिवंत वाटायचा, कारण गर्दी जशी वागेल तसा तो वागायचा.

त्याचा निर्माता एडवर्ड इहनातोविच हाही भन्नाट माणूस. पोलंडमध्ये जन्म, १९३९ च्या युद्धात देश सुटला. इंग्लंडमध्ये फर्निचरच्या धंद्यात जम बसलेला असताना तो सगळं सोडून एका गॅरेजमध्ये राहायला गेला. कशासाठी? तर शिल्पं करायला! ईएमआयच्या काळजीत जगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पचणं कठीणच.

पण १९७४ मध्ये सेन्स्टर मोडीत निघाला. त्याचा नुसता सांगाडा कोलाइन्सप्लाट नावाच्या गावात कित्येक वर्षं उघड्यावर उभा होता. १९८८ मध्ये इहनातोविच गेला. अखेर २०१७ मध्ये पोलंडच्या क्राकूव्हमधल्या एजीएच विद्यापीठाने तो सांगाडा विकत घेतला, नवी इलेक्ट्रॉनिक्स बसवली आणि पुढच्याच वर्षी सेन्स्टरची मान पुन्हा वळली. निर्माता परतला नाही, पण त्याचं लेकरू त्याच्या मायदेशी पोहोचलं.

आज आपल्या खिशातली यंत्रं आपलं लक्ष वेधायला दिवसभर किंचाळत असतात. सेन्स्टरने मात्र माणसांना आवाज खाली आणायला लावला. पुढच्या मीटिंगमध्ये बॉसचा आवाज चढला, की मला तरी हा लाजाळू रोबोच आठवणार!