हॅन्डेलची एक चाल: आधी नाच, मग गाणं

लग्नसराईत आपल्या रायपूरच्या गोल बाजाराजवळून वरात निघाली आणि बँडवाल्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावला, की शब्द नसतानाही गाणं आपण ओळखतो. गळ्यातलं गाणं वाद्यावर गेलेलं असतं. आज उलट्या वाटेनं गेलेली एक चाल ऐकू.

जॉर्ज फ्रिडरिक हॅन्डेल, जन्म १६८५, गाव जर्मनीतलं हाले. १७०५ साली हॅम्बुर्गला त्याचा ‘अल्मीरा’ हा पहिला ऑपेरा झाला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्यात एक सराबांद आहे, म्हणजे तीन मात्रांचा संथ नाच. वजन पहिल्या मात्रेवर नाही, दुसऱ्यावर. त्यामुळे पाऊल किंचित अडखळल्यासारखं वाटतं. शब्द नाहीत, नुसती वाद्यं.

१७०७ मध्ये रोमला हीच चाल गळ्यात आली. तिथे ‘सुख’ नावाचं पात्र ती गाऊन समोरच्याला मोह घालतं. मग १७११, लंडन, ऑपेरा ‘रिनाल्दो’. आता ती अल्मिरेनाच्या तोंडी आहे. ती कैदेत आहे आणि निदान रडू तरी द्या म्हणते. नाचातलं तेच अडखळणं इथे हुंदक्यासारखं ऐकू येतं. सूर फारसे बदलले नाहीत, प्रसंग बदलला.

ही उसनवारी म्हणून काही जण नाक मुरडतात. हॅन्डेल दुसऱ्यांच्या चालीही उचलायचा, हे खरंच. पण आपल्या संगीत नाटकाच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असायचीच ना! १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून पदं बांधली, त्याला आपण चोरी म्हणत नाही.

आवाजांची गोष्ट मात्र कडू आहे. ‘रिनाल्दो’चा नायक निकोलिनी हा कास्त्रातो होता. लहानपणी खच्चीकरण केल्यामुळे या गायकांचा आवाज फुटायचा नाही. १७३१ मध्ये हॅन्डेलनं आपल्या पोरस राजावर ‘पोरो’ लिहिला. त्यातला पोरस सेनेसिनो या कास्त्रातोनंच गायला. आपल्याकडे बालगंधर्व स्त्रीभूमिका करत, पण त्यासाठी कुणाच्या शरीरावर सुरी चालली नव्हती. आज या भूमिका स्त्रिया किंवा उंच पट्टीत गाणारे पुरुष करतात.

ऐकताना आधी ‘अल्मीरा’तला नाच लावा, मग ‘रिनाल्दो’तलं गाणं. गाण्याचा पहिला भाग शेवटी पुन्हा येतो, तिथे कान द्या: त्या फेरीत गायिका स्वतःच्या हरकती घालते.