शॉर्टहँडची उमेदवारी: लिहिलं खरं, पण वाचणार कोण?

मागच्या भागाचा ट्रान्सक्रिप्ट ॲपने काढला, तेव्हा त्यात ‘मोल’चं ‘मॉल’ झालं होतं. ते निस्तरता निस्तरता विचार आला, की ॲप नव्हतं तेव्हा भरधाव बोलणाऱ्या माणसाचे शब्द कागदावर उतरायचे कसे? आणि ते काम शिकायचं कुठे? म्हणून आज व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या शॉर्टहँड शिकाऊंबद्दल बोलूया.

यातला सगळ्यात प्रसिद्ध उमेदवार म्हणजे चार्ल्स डिकन्स. खरं तर त्याने हे शिकून घेतलं ते व्हिक्टोरिया 1837 मध्ये गादीवर येण्याच्या आधी. पण 1849-50 मध्ये आलेल्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये त्याने ती सगळी धडपड नायकाच्या गळ्यात घातली. डेव्हिड साडेदहा शिलिंगांचं पुस्तक आणतो आणि रट्टा मारतो. मग मित्र ट्रॅडल्स संसदेतली भाषणं वाचून दाखवतो आणि हा लिहितो. आत्याबाई आणि मिस्टर डिक विरोधी नेते बनून समोर बसलेले! हळूहळू वेग येतो. आणि मग कळतं, की आपणच लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

असं का व्हायचं? डिकन्स शिकला ती गर्नी पद्धत. तिच्यात शब्दाच्या मधले स्वर लिहीतच नाहीत. पुढचं व्यंजन वर काढलं की खाली, यावरून स्वर ओळखायचा. घाईत हात जरा हलला की संपलं. मराठीत विचार करा: कागदावर फक्त ‘म-ल’ आहे. मग ते माल, मूल, मैल की मोल? वर पाठ करायच्या खास खुणा वेगळ्याच. म्हणजे डेटा कॉम्प्रेस केला, पण डिकोडर राहिला लिहिणाऱ्याच्या डोक्यात. (सॉरी, इंजिनियर आहे, सवय जात नाही.)

कोर्टात हा खेळ जास्त गंभीर. साक्षीदार काय म्हणाला, हे त्या खुणांवर ठरणार. 1829च्या सुमारास, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, डिकन्स लंडनच्या ‘डॉक्टर्स कॉमन्स’ या धार्मिक न्यायालयात फुटकळ कामं घेऊ लागला. पुढे 1834 मध्ये ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मध्ये आठवड्याला 5 गिनीची नोकरी लागली. खरी उमेदवारी तिथली. 1865च्या एका भाषणात त्याने त्या दिवसांची आठवण सांगितली होती: रात्री धावत्या घोडागाडीत, कंदिलाच्या उजेडात, तळहातावर कागद धरून मजकूर तयार करायचा. एक्झेटरला तर धो धो पावसात भाषण उतरवताना दोन सहकाऱ्यांनी वहीवर रुमाल धरला होता. मोबाईल भिजला म्हणून आपण किती कांगावा करतो!

मग 1837 मध्येच आयझॅक पिटमन नावाच्या शिक्षकाने नवी पद्धत छापली, किंमत 4 पेन्स. साडेदहा शिलिंग म्हणजे 126 पेन्स, यावरून फरक बघा. पिटमनने स्पेलिंग सोडून उच्चार धरला. बारीक रेघ म्हणजे ‘क’, तीच रेघ जाड केली की ‘ग’. तसंच च-ज, ट-ड, प-ब. आपल्याला हे चटकन पटतं, कारण आपल्या वर्णमालेत या जोड्या एकाच वर्गात बसलेल्या असतात. इंग्रज पोराला मात्र आधी आपल्या भाषेत नेमके आवाज किती, हेच नव्याने शिकावं लागायचं. आणि स्वर? ते ठिपक्यांनी आणि छोट्या रेघांनी दाखवता यायचे, वेगात असताना गाळताही यायचे.

1840 मध्ये एक पेनीत पत्र जायला लागलं, आणि पिटमनने अख्खी पद्धत एका पानावर मांडून तेही एक पेनीला विकायला काढलं. घरी सराव करायचा, धडा टपालाने पाठवायचा, तो तपासून परत यायचा, फी शून्य. चक्क ऑनलाइन कोर्स! आता खेड्यातल्या कारकुनालाही ही विद्या मिळू लागली. हातात वेग मात्र टपालाने येत नाही. त्यासाठी कुणीतरी समोर बसून वाचून दाखवणारा लागतोच, डेव्हिडला ट्रॅडल्स लागला तसा.

डिकन्सने जुनी गर्नी सोडली नाही, उलट तिच्यात स्वतःच्या खुणा घुसवल्या. त्याचा त्रास आपल्या काळातल्या लोकांना झाला. त्याने 1859 मध्ये शॉर्टहँडमध्ये लिहून ठेवलेलं एक पत्र न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. दीडशेहून जास्त वर्षं ते कुणालाच नीट वाचता आलं नव्हतं. शेवटी संशोधकांनी ते इंटरनेटवर टाकलं आणि 300 पाउंडांचं बक्षीस लावलं. 2022 मध्ये बराचसा मजकूर उलगडला. सगळ्यात जास्त खुणा सोडवल्या कॅलिफोर्नियातल्या एका टेक सपोर्टवाल्याने! (आपल्यातलाच.) आणि पत्रात होतं काय? ‘टाइम्स’ने डिकन्सच्या नव्या साप्ताहिकाची जाहिरात नाकारली होती, त्याबद्दलची तक्रार. काही खुणा अजूनही तशाच आहेत. डिकोडर गेला, फाईल उरली.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी स्टेनो असेल, तर त्यांची जुनी वही मागून बघा आणि त्यांना ती वाचता येते का तेही विचारा. भेटू पुढच्या भागात!